गेमची तारीख पुढं का जाते, आणि वाट पाहणाऱ्यानं काय करावं

३१ ऑगस्ट २०२३ ला गरेना कंपनीनं जाहीर केलं की 'फ्री फायर इंडिया' हा मोबाईल गेम ५ सप्टेंबरला येणार. महेंद्रसिंग धोनी ब्रँड ॲम्बेसेडर, सर्व्हर भारतात ठेवायला योट्टा कंपनीशी करार, सगळी तयारी दिसत होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकारनं 'फ्री फायर'वर घातलेल्या बंदीनंतर दीड वर्ष थांबलेली पोरं प्ले स्टोअर उघडून बसली. आणि ४ तारखेला, म्हणजे आदल्या दिवशी, निवेदन आलं: खेळ आणखी सुधारायचा आहे, भारतासाठीचं काम पुरं करायचं आहे, म्हणून काही आठवडे पुढं. ते आठवडे गेले, २०२३ संपलं, २०२४ ही गेलं.

मराठवाड्यात गेम म्हणजे बहुतेकांसाठी मोबाईलच. लातूरला क्लाससाठी राहणारी लेकरं, परभणी-बीडच्या तालुक्यांतली कॉलेजची पोरं, संभाजीनगरच्या गेमिंग कॅफेत तासावर पैसे भरून बसणारे, या सगळ्यांचा राग समजण्यासारखा आहे. परीक्षा संपल्यावरची सुट्टी वर्षातून एकदाच येते. कुणी नव्या गेमसाठी हप्त्यावर फोन घेतलेला असतो, कुणी गावात टूर्नामेंट ठरवून बसलेला असतो. तारीख हलली की हे सगळं कोसळतं, आणि कंपनी तर एका ओळीत माफी मागून मोकळी होते.

आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. उशीर होणं हे गेमच्या धंद्यात जवळजवळ अटळ आहे आणि बऱ्याचदा खेळणाऱ्याच्या फायद्याचंही. राग धरायचाच तर तो नको तेवढ्या लवकर तारीख सांगण्यावर, तिच्या जोरावर पैसे गोळा करण्यावर आणि नंतर तोंड बंद ठेवण्यावर धरावा. हा फरक कळायला गेम बनतो कसा, आणि घोडं नेमकं कुठं अडतं, ते पाहावं लागतं.

तारीख येते कुठून

विहीर खोदणाऱ्याला विचारलं, किती दिवस लागतील, तर मुरूम आणि मांजऱ्या असेपर्यंतचं तो नीट सांगेल. काळा पाषाण किती परसावर लागेल हे मात्र खोदल्याशिवाय त्यालाही कळत नाही. गेमची पहिली तारीख ही वरचा मुरूम पाहून दिलेली असते.

कामाचे टप्पे साधारण असे असतात. आधी प्री-प्रॉडक्शन: थोडी माणसं, कच्चे नमुने, खेळायला मजा येते का याची चाचपणी. यातून दहा-पंधरा मिनिटांचा एक तुकडा पूर्ण सजवून तयार करतात. चित्र, आवाज, ॲनिमेशन, शत्रूंची चाल, सगळं त्यात पक्कं. याला धंद्यात व्हर्टिकल स्लाइस म्हणतात. ट्रेलरमध्ये किंवा मोठ्या कार्यक्रमात जे झकास दिसतं ते पुष्कळदा एवढंच असतं. बाकी गेम तेव्हा कागदावर किंवा करड्या रंगाच्या ठोकळ्यांच्या रूपात असतो. पाहणाऱ्याला वाटतं, झालंच की आता, राहिलं काय?

मग प्रॉडक्शन, म्हणजे त्या तुकड्याच्या दर्जाचा सगळा गेम भरत जाणं. त्यानंतर अल्फा: सगळ्या सोयी आत आलेल्या, गेम सुरुवातीपासून शेवटपर्यंत कसाबसा चालतो. मग बीटा: नवीन काही घालायचं नाही, फक्त बग, म्हणजे चुका, काढायचे. कन्सोलचा (टीव्हीला जोडायच्या गेमच्या यंत्राचा) गेम असेल तर पुढं सोनी, मायक्रोसॉफ्ट किंवा निन्टेंडोची तपासणी. त्यात पास झालेली प्रत 'गोल्ड' झाली म्हणतात.

खरी अडचण अल्फाला उघडी पडते. तोवर प्रत्येक टीम आपापला भाग वेगळा चालवून पाहत असते. अल्फाला सगळं पहिल्यांदा एकत्र येतं आणि कळतं की गाडी चालवायला मजा येते पण नकाशा तिच्या वेगाला छोटा पडतो, किंवा तिसऱ्या तासानंतर तेच तेच काम करावं लागतं. अशा वेळी दुरुस्ती म्हणजे एखादी ओळ बदलणं नसतं, महिन्यांचं काम नव्यानं करावं लागतं. तारीख मात्र त्याच्या वर्षभर आधी जगाला सांगून झालेली असते.

सोळा मिलिसेकंदांचा हिशोब

गेम 'ऑप्टिमाइझ' करायला वेळ लागतो असं कंपन्या म्हणतात आणि ते बहाण्यासारखं वाटतं. म्हणून हे एकदा जवळून बघू.

स्क्रीनवर सेकंदाला ६० चित्रं हवी असतील तर एका चित्राला १,००० भागिले ६०, म्हणजे १६.७ मिलिसेकंद मिळतात. एवढ्या वेळात बोटाचा स्पर्श वाचायचा, सर्व्हरकडून बाकीचे खेळाडू कुठं आहेत ते घ्यायचं, गोळी लागली का ते मोजायचं, शत्रूंच्या हालचाली ठरवायच्या, आणि मग सगळं चित्र काढायचं. समजा हे सगळं १५ मिलिसेकंदांत बसलंय. आता पाऊस घालायचं ठरलं, त्याला १ मिलिसेकंद. नव्या बंदुकीचा धूर, १. गवत हलतं ठेवायचं, आणखी १. प्रत्येक टीमचं म्हणणं खरंच असतं की आमचं फक्त एकच वाढलं. पण बेरीज १८ झाली की चित्र वेळेत तयार होत नाही, स्क्रीन जुनंच चित्र आणखी एकदा दाखवते, आणि खेळणाऱ्याला झटका बसतो. ज्याला आपण फ्रेम ड्रॉप म्हणतो तो हाच. हे १८ पुन्हा १६ च्या आत आणायचं काम सगळे भाग एकत्र आल्याशिवाय सुरूच करता येत नाही, म्हणून ते नेहमी शेवटी येतं. आणि जे शेवटी येतं त्याच्याच वाटेचा वेळ आधीच्यांनी खाल्लेला असतो.

मोबाईलवर याच्या जोडीला आणखी तीन गोष्टी.

एक, रॅम, म्हणजे चालू ॲप्सना लागणारी तात्पुरती मेमरी. ४ जीबी रॅमच्या फोनमध्ये अँड्रॉइड आणि मागं चालू असलेली ॲप्स मिळून मोठा वाटा घेतात. उरलेल्यात गेम मावला नाही की फोन त्याला न विचारता बंद करतो. खेळणाऱ्याला दिसतं ते एवढंच, की ऐन मॅचमध्ये गेम आपोआप बंद झाला.

दुसरी, चित्र काढणारी चिप. स्वस्त फोनांत माली आणि ॲड्रेनो अशा दोन मोठ्या जाती. दोन्हींचे ड्रायव्हर (चिप चालवणारं सॉफ्टवेअर) वेगळे, आणि त्यांच्याही पिढ्या अनेक. एका फोनवर पाणी छान निळं दिसतं, तेच दुसऱ्यावर काळं ठिक्कर. प्रत्येक फरक फोन हातात घेऊनच शोधावा लागतो.

तिसरी, उष्णता. आपल्याकडं ही सगळ्यात जास्त छळते. फोन तापला की प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. एसी लावलेल्या ऑफिसात अर्धा तास नीट चाललेला गेम मे महिन्यात परभणीत किंवा जालन्यात, ४२ अंशांत पत्र्याखाली, दहाव्या-बाराव्या मिनिटाला लॅग मारायला लागतो. म्हणजे नेमका शेवटच्या झोनमध्ये, जिथं हरजीत ठरते. हे टाळायचं तर फोन तापवून, तासन् तास मॅच चालवून चाचणी घ्यावी लागते, आणि फोन गरम झाल्यावर गेमनं आपोआप सावल्या, गवत, चित्राची बारकाई कमी करावी अशी सोय लिहावी लागते. ज्या कंपनीनं हे काम न करता तारीख पाळली तिचा गेम इथं कुणी आठवडाभरही ठेवत नाही.

'भारतासाठीचं काम' म्हणजे काय

फ्री फायर इंडियाच्या निवेदनातला हा शब्द अनेकांना पोकळ वाटला. तो तसा नाही. भाषांतर हा त्यातला सोपा भाग. पुष्कळ गेम इंजिनांमध्ये, म्हणजे ज्या सॉफ्टवेअरवर गेम बनतो त्यात, अक्षरं एकामागून एक ठेवायची साधी सोय असते, ती इंग्रजीला पुरते. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर टाइप होते पण दिसते त्याच्या आधी. इंजिनला हे शिकवलेलं नसेल तर 'स्थिती' या शब्दात पहिली वेलांटी भलत्याच जागी जाते आणि जोडाक्षर सुटून मध्ये हलन्त दिसतो. रफार, उकार, ऋकार यांनी ओळीची उंची वाढते, मग बटणाच्या कडेला मात्रा कापल्या जातात. 'ओके'च्या मापाचं बटण 'ठीक आहे'ला पुरत नाही. असे शेकडो पडदे असतात, आणि प्रत्येक पडदा छोट्या स्क्रीनवर उघडून डोळ्यांनी तपासावा लागतो.

त्याशिवाय सर्व्हर भारतात आणायचे, लहान मुलांसाठी पालकांच्या संमतीची आणि खेळण्याच्या वेळेवर मर्यादेची व्यवस्था बसवायची, आणि वर सरकारचं समाधान करायचं. या शेवटच्या गोष्टीला तर कुणी तारीख देऊच शकत नाही. बीजीएमआय, म्हणजे पबजी मोबाईलचा भारतासाठीचा अवतार, जुलै २०२१ मध्ये आला, जुलै २०२२ मध्ये स्टोअरवरून काढला गेला, मे २०२३ मध्ये परतला. त्या दहा महिन्यांत गेम तयारच होता. म्हणून आमच्या मते, ज्या गेमची वाट परवानगीपाशी अडलेली असू शकते त्याची पक्की तारीख कंपनीनं सांगूच नये, मग ब्रँड ॲम्बेसेडर कितीही मोठा असो.

बग काढले की नवे का येतात

गेममध्ये चालू-बंद होणाऱ्या फक्त २० गोष्टी धरा: पाऊस आहे-नाही, खेळाडू गाडीत आहे-नाही, माइक सुरू आहे-नाही, मध्येच फोन आला-नाही आला. सगळ्या मिळून वेगवेगळ्या परिस्थिती होतात १०,४८,५७६. एवढ्या सगळ्या तपासणं शक्यच नाही. म्हणून बगांची प्रतवारी लागते. गेम बंद पाडणारे आणि जमवलेली प्रगती पुसणारे आधी, पुढं जायला अडवणारे नंतर, भिंतीतून कोपर दिसणं शेवटी. पहिल्या दोन प्रकारांचे बग शिल्लक असताना तारीख जवळ आली की ती पुढं नेण्याला पर्याय राहत नाही.

आणि दुरुस्ती सुटी नसते. गाडीतून उतरताना पात्र अडकतं म्हणून धडकेचा कोड बदलला, तर तोच कोड पोहणं, शिडी चढणं, बॉम्बचा धक्का या सगळ्यांत वापरलेला असतो. म्हणून प्रत्येक मोठ्या दुरुस्तीनंतर जुनं सगळं परत तपासतात. शेवटच्या आठवड्यात अनुभवी टीम लहानसहान बगांना हात लावायचंच टाळते, ते याच भीतीनं.

इथं हमखास विचारलं जातं की एवढा पैसा आहे तर माणसं का वाढवत नाहीत. आयबीएममध्ये मोठं सॉफ्टवेअर काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ मध्येच याचं उत्तर लिहून ठेवलंय: उशीर झालेल्या कामावर माणसं वाढवली तर ते आणखी लांबतं. नव्याला शिकवायला जुन्यांचाच वेळ जातो. आणि बोलणी वाढतात. ५ जणांत एकमेकांशी जोडणाऱ्या वाटा १० असतात, ५० जणांत १,२२५.

उलट टोकाचं उदाहरण 'हॉलो नाइट: सिल्कसाँग'. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडची टीम चेरी, मुख्य माणसं तीनच. फेब्रुवारी २०१९ मध्ये जाहीर, ४ सप्टेंबर २०२५ ला हातात. मूळ विचार पहिल्या गेमला जोड देण्याचा होता, तो वाढत वाढत स्वतंत्र गेम झाला. त्यांच्यावर ना कर्जाचा दबाव होता ना शेअर बाजाराचा, आणि काम करायला मजा येत होती म्हणून ते करत राहिले, असं त्यांनीच सांगितलं. आला त्या दिवशी स्टीमसह गेमची अनेक ऑनलाइन दुकानं गर्दीनं काही काळ बंद पडली. गेम उत्तम निघाला. तरी चाहत्यांचा साडेसहा वर्षांतला वैताग खोटा ठरत नाही, कारण जून २०२२ मध्ये वर्षभरात येणाऱ्या गेमांमध्ये तो दाखवला गेला, ती मुदत हुकली, आणि पुढं दोन वर्षं जवळजवळ काहीच सांगितलं गेलं नाही. महिन्याला एक परिच्छेद लिहायला तिघांनाही जमलं असतं.

घाईनं काय होतं

'सायबरपंक २०७७' ची गोष्ट प्रत्येक गेमरनं तपशिलात माहीत करून घ्यावी अशी आहे. पोलंडच्या सीडी प्रोजेक्टनं हा गेम २०१२ मध्ये जाहीर केला. तारीख दिली १६ एप्रिल २०२०. ती गेली १७ सप्टेंबरवर, मग १९ नोव्हेंबरवर. ऑक्टोबरच्या सुरुवातीला गेम 'गोल्ड' झाल्याचं सांगितलं, म्हणजे आता हलणार नाही असं सगळ्यांनी धरलं. त्याच महिन्याच्या शेवटी तारीख पुन्हा हलली, १० डिसेंबर. कंपनीचं कारण होतं की जुने कन्सोल, नवे कन्सोल, पीसी असे मिळून ९ प्रकार एकाच वेळी तयार करून तपासायचे आहेत. गोल्डनंतरही काम चालूच असतं, कारण डिस्कवर गेलेल्या प्रतीला पहिल्याच दिवशी मोठा अपडेट द्यायचा असतो. हे लोकांना कुणी नीट सांगितलं नव्हतं.

त्या चौथ्या तारखेलाही गेम झालेला नव्हता. साध्या पीएस ४ (प्लेस्टेशन ४) वर तो इतका अडखळत होता की आठवडाभरातच सोनीनं आपल्या दुकानातून काढून पैसे परत द्यायला सुरुवात केली. तो तिथं परत आला जून २०२१ मध्ये. खऱ्या अर्थानं सुधारला सप्टेंबर २०२३ च्या २.० अपडेटनं, आणि तो नव्या कन्सोलसाठी आणि पीसीसाठी. म्हणजे आणखी पावणेतीन वर्षं. आधी ज्यांनी तारखेवरून आरडाओरडा केला त्यांनाच अर्धवट गेम मिळाला, आणि आत काम करणाऱ्यांना शेवटचे महिने आठवड्याला सहा दिवस राबावं लागलं, जे होणार नाही असं व्यवस्थापनानं आधी सांगितलेलं होतं. याला क्रंच म्हणतात. थकलेला माणूस रात्री अकराला जो कोड लिहितो त्यातून सकाळी नवे बग निघतात, त्यामुळं क्रंचनं तारीख वाचते असंही नाही.

मग घाई करतातच का? कारण हिशोबाचं वर्ष. जीटीए बनवणाऱ्या रॉकस्टारची मालक कंपनी टेक-टू, तिचं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. कुठला गेम कोणत्या वर्षात विकला जाणार हे गुंतवणूकदारांना आधी सांगावं लागतं. 'जीटीए ६' चा पहिला ट्रेलर डिसेंबर २०२३ चा, त्यात २०२५ लिहिलं होतं. मे २०२५ मध्ये ते २६ मे २०२६ झालं, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये १९ नोव्हेंबर २०२६. बारकाईनं पाहा: पहिल्या बदलानं गेम पुढच्या आर्थिक वर्षात गेला, दुसऱ्यानं मात्र त्याच वर्षात राहिला, नाताळच्या खरेदीच्या तोंडावर. अशा मोठ्या कंपन्यांच्या तारखा वाचताना कॅलेंडरसोबत मार्च महिनाही डोळ्यासमोर ठेवावा.

आपल्या जवळचं उदाहरण पुण्याच्या सुपरगेमिंगच्या 'इंडस' चं. २०२२ मध्ये जाहीर, ऑक्टोबर २०२४ मध्ये सगळ्यांना खुला. मधल्या काळात त्यांनी मर्यादित खेळाडूंना चाचणीसाठी आत घेतलं. वाट पाहणाऱ्याच्या हातात थोडं तरी काही पडतं, म्हणून ही पद्धत आम्हाला जास्त प्रामाणिक वाटते.

निवेदन कसं वाचायचं

कंपनीच्या निवेदनात 'पॉलिश' हा शब्द असणारच, त्यावरून काही कळत नाही. बघायचं ते किती पुढं ढकललं. दोन-चार आठवड्यांचा उशीर बहुधा शेवटच्या तपासणीतला असतो, किंवा एखादा हट्टी बग, किंवा त्याच आठवड्यात मोठा गेम येतोय म्हणून बाजूला सरकणं. गेम जवळजवळ झालेला आहे असं धरायला हरकत नाही. तीन-चार महिने म्हणजे वेग आणि बग यांचं ओझं जास्त आहे. सहा महिने ते वर्ष, तर काही भाग नव्यानं होतोय. 'हेलो इन्फिनिट' जुलै २०२० मध्ये दाखवल्यावर चित्रांवरून टीका झाली, तो त्याच वर्षीच्या नोव्हेंबरऐवजी ८ डिसेंबर २०२१ ला आला. आणि जुनी तारीख काढून नवी दिलीच नाही, तर आतल्यांनाही पाषाण किती खोल आहे ते कळलेलं नाही. अशा गेमवर एक रुपयाही अडकवू नये.

परदेशी निवेदनात 'फॉल' म्हटलं की सप्टेंबर ते नोव्हेंबर समजायचं. 'क्यू ४' (वर्षाची चौथी तिमाही) मात्र कॅलेंडरचं की कंपनीच्या आर्थिक वर्षाचं, हे पाहावं, कारण मार्चला वर्ष संपवणाऱ्या कंपनीचं क्यू ४ जानेवारीत सुरू होतं.

पैसे, फोन आणि बनावट फाइल

स्टीमवर आगाऊ घेतलेल्या गेमचे पैसे तो येण्याआधी कधीही परत मागता येतात. आल्यानंतर नेहमीचा नियम: खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर. महाग आवृत्ती घेऊन काही दिवस आधी खेळायला मिळतं, तो वेळही या २ तासांत धरतात. 'अर्ली ॲक्सेस', म्हणजे अजून बनत असलेला गेम, घेताना आज जे आहे तेवढ्याचीच किंमत मोजावी. प्लेस्टेशनवर डाउनलोड सुरू झालं की परतावा सहसा मिळत नाही, म्हणून आगाऊ घेतलाच तर आपोआप डाउनलोडची सेटिंग बंद ठेवा. गुगल प्लेवर परताव्याची मागणी ४८ तासांच्या आत करावी.

जीटीए ६ साठी आताच पीसी जोडायचा विचार असेल तर थांबा. तो पीएस ५ आणि एक्सबॉक्स सिरीजसाठीच जाहीर झालाय. जीटीए ५ कन्सोलवर सप्टेंबर २०१३ ला आणि पीसीवर एप्रिल २०१५ ला आला, म्हणजे १९ महिन्यांनी. त्याच कंपनीचा 'रेड डेड रिडेम्पशन २' पीसीवर यायला वर्षाहून थोडं जास्त लागलं. आज हप्त्यावर घेतलेलं ग्राफिक्स कार्ड तोवर जुनं झालेलं असेल, आणि तेच कार्ड तेव्हा कदाचित स्वस्तही मिळेल.

उशिराचा सगळ्यात वाईट परिणाम वेगळाच आहे. गेम लांबला की टेलिग्राम आणि व्हॉट्सॲपवर त्याच्या नावाच्या एपीके फायली (अँड्रॉइडवर ॲप थेट इन्स्टॉल करायच्या फायली) फिरायला लागतात. मोबाईलवरचा जीटीए ६ अस्तित्वातच नाही, त्यामुळं त्या नावाची प्रत्येक फाइल बनावट आहे. अशी फाइल इन्स्टॉल होताना एसएमएस वाचण्याची किंवा ॲक्सेसिबिलिटीची, म्हणजे स्क्रीन वाचण्या-दाबण्याची, परवानगी मागते. ती दिली की बँकेचा ओटीपी ठगांच्या हातात, आणि घरी फोन बहुतेकदा वडिलांचा, त्यावरच पीक विम्याचे नाहीतर दुधाचे पैसे येणारं खातं. फोनच्या सेटिंगमध्ये अनोळखी ॲप इन्स्टॉल करण्याची परवानगी ब्राउझर आणि व्हॉट्सॲप दोन्हींसाठी बंद ठेवा. प्ले स्टोअरवरही गेमच्या नावाखाली लिहिलेलं कंपनीचं नाव वाचूनच डाउनलोड करा. पैसे गेलेच तर लाजून लपवू नका. लगेच १९३० ला फोन करा, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवता आली तरच परत मिळण्याची आशा असते.

तक्रार अशी करा की कुणीतरी वाचेल

२०१६ मध्ये 'नो मॅन्स स्काय' जून ऐवजी ऑगस्टवर गेला तेव्हा आणि २०२० मध्ये सायबरपंकच्या वेळी, बनवणाऱ्यांना जीवे मारण्याच्या धमक्या गेल्या. तारीख ठरवणारे वेगळे असतात, धमकी वाचतो तो कोड लिहिणारा नाहीतर सोशल मीडिया सांभाळणारा नोकरदार. शिवीनं एक फ्रेमही वाढत नाही. उलट कंपनी बोलणं आणखी कमी करते, आणि आपल्याला मिळणारी माहिती आटते.

मागायचंच असेल तर मोजता येईल असं मागा: नवी तारीख नसेल तर निदान पुढची बातमी कधी देणार ते सांगा, आगाऊ घेतलेल्यांना परतावा सुरू करा, आणि बीटाची चाचणी खेळाडूंना खुली असेल तर स्वस्त फोनवाल्यांनाही आत घ्या. तिसरी मागणी आपल्याकडच्या खेळाडूंनी लावूनच धरावी, कारण ४ जीबी रॅमचा फोन आणि ४२ अंशांची दुपार हे दोन्ही आपल्याकडं आहे आणि कंपनीच्या ऑफिसात नाही.

बीटात घेतलंच, तर 'गेम हँग होतोय, काहीतरी करा' एवढं लिहून उपयोग नाही. फोनचं मॉडेल, रॅम, अँड्रॉइडचं व्हर्जन आणि गेमचं व्हर्जन लिहा. मग नेमकं काय केलं ते क्रमानं: मॅच सुरू होऊन बारा मिनिटं, नकाशाचा कोणता भाग, गाडीतून उतरताना स्कोप उघडला, स्क्रीन काळी, पाच सेकंदांनी गेम बंद. काय व्हायला हवं होतं तेही एका ओळीत. फोन चार्जिंगला होता का, हाताला गरम लागत होता का, वाय-फाय होतं की मोबाईल डेटा. स्क्रीन रेकॉर्डिंग जोडा, पण रेकॉर्डिंग स्वतःच फोनवर भार टाकतं, म्हणून ते बंद ठेवूनही एकदा तसंच होतं का ते पाहा. आणि दहा वेळा करून पाहिलं तर किती वेळा झालं, हा आकडा नक्की द्या. दहात नऊ वेळा होणारा बग इंजिनिअर दुपारपर्यंत शोधतो. दहात एकदा होणारा, आणि त्यातही कसा झाला हे न सांगितलेला, त्याच्या फोनवर दिसतच नाही, आणि ती तक्रार 'पुन्हा घडवता आली नाही' असा शेरा मारून बंद होते.